वडिलांची जावा आणि सहा व्होल्टांचा हिशेब

गेल्या दिवाळीपूर्वी जुन्या मोंढ्यातील आमच्या पेढीचे मागील गोदाम रिकामे केले, तेव्हा बारदानाच्या ढिगाआड वडिलांची मोटारसायकल निघाली. १९६८ सालची जावा. करमाड, बदनापूर, जालना या बाजारांत वसुलीला जाण्यासाठी वडिलांनी ती घेतली होती. १९९४ साली ते गेले आणि गाडी होती तिथेच उभी राहिली. थोरले भाऊ म्हणाले, "भंगारात घाल, जागा तरी मोकळी होईल." पुतण्याला मात्र ती रोज चिकलठाण्याच्या आपल्या कारखान्यात न्यायची होती. मी बँकेतून निवृत्त, म्हणजे घरातला रिकामा माणूस. साहजिकच काम माझ्याकडे आले.

जावा हे नाव यानेचेक या चेक उद्योजकाच्या आणि वांडरर या जर्मन गाडीच्या नावांतील आद्याक्षरांवरून पडले. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीत ती तयार होऊ लागली. १९७३ नंतर येझदी या नावाने तिचे रूप पुढे चालले आणि १९९६ साली तो कारखाना बंद झाला. किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली ही गाडी त्या पिढीच्या अनेक वाचकांना आठवत असेल.

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूला वाहनांच्या वायरिंगचेच काम करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली. इंजिन मोकळे होते, टाकीत लिटरभर पेट्रोल घातले, नवी बॅटरी जोडली आणि मी उत्साहाने चावी फिरवली. अर्ध्या मिनिटात टाकीखालून धूर आला. मिस्त्रींनी एका झटक्यात बॅटरीची तार ओढून काढली, म्हणून हा लेख लिहायला मी शाबूत आहे. त्यांनी सीटखालचा फ्यूज दाखवला. कधीतरी कोणी गॅरेजवाल्याने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून ठेवली होती. "साहेब, ही वायर नाही, वात आहे. फक्त काडी लागायची राहिली होती." वायरीवरचे आवरण बोटाने दाबताच बिस्किटासारखे तुटत होते आणि आतले तांबे हिरवे-काळे पडले होते.

फ्यूज ही पेढीवरची उधारीची मर्यादाच समजा. मर्यादा ओलांडली की व्यवहार थांबला पाहिजे. ती काढून टाकणारा माणूस त्या दिवशीची अडचण सोडवतो आणि दिवाळे पुढच्या माणसावर टाकतो.

दोष असलेली वायर बाजूला काढून मिस्त्रींनी केवळ पुढच्या दिव्याची जोडणी नव्या फ्यूजमधून चालू केली आणि मीटर लावला. बॅटरीवर ६.२ व्होल्ट, दिव्यापाशी ४.९. मधले १.३ व्होल्ट वाटेतच खर्च! मला हा हिशेब फार आवडला. ३५ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर सुमारे ३ अँपिअर प्रवाह लागतो, ६ व्होल्टवर जवळजवळ ६. म्हणजे जुन्या गाडीत प्रवाह दुप्पट आणि गंजलेल्या सांध्यांतील गळतीही दुप्पट. तीही निम्म्या भांडवलातून. शिवाय व्होल्ट १० टक्के घटले, तर साध्या बल्बचा प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. आमचा तर निम्म्याहूनही खाली आला होता. वडिलांनी त्या दिव्याची तक्रार कधी केली नाही. चौविहार असल्याने ते सूर्यास्तापूर्वी घरी येत. दिवा मंद आहे हे कळायचा प्रसंगच आला नसावा.

मग तीन आठवडे मी मिस्त्रींचा कारकून झालो. जुनी वायर काढण्यापूर्वी प्रत्येक टोकाला कागदी चिठ्ठी बांधली, वहीत कोठून कोठे हे लिहिले, फोटो काढले. या कामात घाई केली तर नंतर आठ दिवस जातात. बॅटरी, डायनामो आणि मुख्य स्विच यांच्यासाठी २.५ चौरस मिलिमीटर जाडीची, दिवा आणि हॉर्नसाठी १.५ ची वायर घेतली. घरगुती वायर स्वस्त पडली असती, पण तिचे पदर जाड असतात आणि कंपनाने तुटतात. वाहनाची वायर बारीक पदरांची असते. टोके दाबयंत्राने पक्की केली.

सर्व जोडूनही मागचा दिवा लुकलुकत होता. दोन दिवस आम्ही नव्या वायरीत दोष शोधला. तो निघाला चेसिसवरच्या रंगात. वीज जाते त्या वाटेची काळजी सारे घेतात. ती परत येते चेसिसमधून, आणि तिथे रंगाचा थर होता. जमेची बाजू तपासली, नावेची राहिली. बँकेत ३४ वर्षे काढलेल्या माणसाला हे लगेच सुचायला हवे होते. रंग खरवडून उघड्या धातूवर बोल्ट आवळला आणि दिवा स्थिर झाला.

पुतण्याचा आग्रह सगळेच १२ व्होल्टांवर नेण्याचा होता. सोय त्यात निश्चित आहे. पण जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, सांगाडा किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला शुल्क २०,००० रुपये, त्यानंतरच्या पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. वायरिंग या नियमात स्पष्टपणे येत नाही, तरी डायनामो काढून मूळ रूप कशाला मोडायचे, असे माझे मत पडले. कारखान्यात रोज न्यायची तर नेहमीचे पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागेल. घरात यावर चार संध्याकाळी वाद झाला. शेवटी पुतण्या स्वतःच म्हणाला, "काका, रोजच्यासाठी माझी स्कूटर आहेच."

वडिलांच्या नावची गाडी वारसाच्या नावे करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. इतर वारसांची ना-हरकत पत्रेही मी तयार केली. भाऊंकडे कागद नेला, तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि गाडी अंगणात होती. त्यांनी सही केली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "जरा तो दिवा लाव पुन्हा."