मज्जारज्जूभोंवतींची शर्करा

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे लातूर जिल्ह्यांत किल्लारी येथें झालेल्या भूकंपांत दगडामातीचीं जड घरें कोसळून हजारों माणसें दगावलीं. वांचलेल्यांपैकीं कांहींचा पाठीचा कणा मोडून कमरेखालील अंग कायमचें लुळें पडलें. हाताचा तुटलेला ज्ञानतंतु दिवसास सुमारें एक मिलिमीटर वाढूं शकतो. मग कण्यांतील मज्जारज्जूच कां सांधत नाहीं? नांदेड-लातूरकडील आम्हां लोकांस हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाहीं.

त्याचें एक कारण शर्करेंत आहे. ही चहांतील साखर नव्हे. प्रथिनाच्या दांड्यावर शर्करेच्या लांब माळा लोंबतात. त्यांस काँड्रॉइटिन सल्फेट म्हणतात. सांध्यांतील कूर्चेंतहि त्या असतात. मज्जारज्जूस इजा होतांच तेथील आधारपेशी व्रणाभोंवतीं या माळांचें कुंपण घालतात. त्यायोगें इजा पसरण्यास आळा बसतो; परंतु वाढूं पाहणारा तंतुहि तेथेंच अडतो.

लंडनच्या संशोधकांनीं एका सूक्ष्म जंतूपासून मिळणारें, या माळा तोडणारें द्रव्य जखमी उंदरांच्या मज्जारज्जूंत घातलें. तंतु कांहीं अंशीं पुन्हां वाढले व उंदरांची चाल सुधारली, असें त्यांनीं २००२ सालीं प्रसिद्ध केलें. माणसांसाठीं मात्र ही अद्याप रूढ चिकित्सा झालेली नाहीं.

तोंवर वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, कीं अपघातांत सांपडलेल्यास हातापायांस धरून उचलूं नये. चारपांच जणांनीं मिळून, मान व पाठ वांकूं न देतां, सपाट फळीवर निजवूनच त्यास रुग्णालयांत न्यावें. शाबूत राहिलेले तंतु त्यामुळें वांचतात.