दाबाचे कपडे आणि घरातली आजी

शब्बाथची तयारी म्हटली की प्लाता तापतो, मेखाममध्ये पाणी उकळतं, आणि मधून नातवंडांची धावपळ चालू असते. इस्रायलमध्ये लहान मुलं भाजण्याची ही नेहमीची कारणं. भाजल्याबरोबर २० मिनिटं नळाचं थंड पाणी सोडायचं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद-तूपही नाही, हे आता बहुतेकांना पाठ आहे. पण जखम भरल्यानंतरच्या दिवसांबद्दल आपल्या मंडळींत कमी बोललं जातं. आम्हा नर्सेसना मात्र ते दिवस चांगलेच ठाऊक आहेत.

जखम भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले, की तिथे जाड व्रण उठण्याचा संभव असतो. घरी सोडतात तेव्हा कातडी बऱ्यापैकी सपाट दिसते, घरचे पेढे वाटतात, आणि काही आठवड्यांत तीच जागा लाल, टणक होऊन फुगते. खाज अशी की मूल रात्रभर झोपत नाही. व्रण सांध्यावर असला तर आखडतो, कोपर सरळ होत नाही. मुंबईत स्टोव्हचा भडका उडून भाजलेल्या बायका आम्ही पाहिल्या, हनुवटी छातीकडे ओढली गेलेली. ते चित्र विसरणं कठीण.

१९७० च्या सुमारास अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या श्राइनर्स इस्पितळात डॉक्टरांनी भाजलेल्या मुलांच्या व्रणांवर सतत दाब ठेवण्याची पद्धत नीट रुजवली. हिब्रूत या कपड्यांना 'खलिफत लाखात्स' म्हणतात, म्हणजे दाबाचा पोशाख. नायलॉन आणि लायक्राचं घट्ट कापड, टेपने माप घेऊन शिवलेलं: हातमोजा, बाही, बंडी, काय लागेल ते. दाब साधारण १५ ते २५ मिलिमीटर, रक्तदाब मोजतो त्याच मापाने. जखम पूर्ण बंद झाल्यावरच घालायचे, आणि मग दिवसाचे २३ तास. उरलेला एक तास आंघोळ आणि मलम लावून मालिश. असं एक वर्ष, कधी दोन, म्हणजे व्रण पिकून फिका आणि मऊ होईपर्यंत.

हा चमत्कार नव्हे. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा व्रणाची उंची थोडी कमी होते एवढंच दिसलं. म्हणून व्यायाम, मालिश, कधी सिलिकॉनची पट्टी, हे सगळं बरोबर चालू ठेवावं लागतं. तरीही डॉक्टर-थेरपिस्टनी कपडे दिले असतील तर ते अंगावर हवेत. कपाटातल्या कपड्याचा उपयोग शून्य.

आणि इथेच आजीची गोष्ट येते. बेरशेवाचा ऑगस्ट महिना, मूल रडतंय, आई-बाबा कामावर. "उकडतंय गं बाळाला, थोडा वेळ काढते," असं म्हणत आजी दुपारभर बाही काढून ठेवते. माया खरी, पण व्रणाला तेवढी मोकळीक पुरते. आजीबाई, रागावू नका! पंखा लावा, एसी लावा, ओल्या फडक्याने बाकीचं अंग पुसा, गोष्ट सांगा. पण बाही राहू द्या. मात्र बोटं निळी-थंड पडली, सुजली, मुंग्या आल्या किंवा कातडीवर फोड उठला, तर लगेच काढून दवाखान्यात फोन करा.

बाळगोपाळांनो, वर्गात कोणी असा हातमोजा घालून आला तर तो लागट नाही. हात लावलात तर तुम्हाला काही होणार नाही. खेळायला बोलवा, त्यालाही हात हलवायचाच असतो.

कपडे नेहमी दोन जोड घ्यावेत, एक अंगात, एक दोरीवर. कोमट पाणी, साधा साबण, हाताने धुणं. ब्लीच नको, पिळणं नको, ड्रायर तर मुळीच नको, उष्णतेने लायक्रा मरतो. सावलीत पसरून वाळवा. दोन-तीन महिन्यांत कापड सैल पडतं, आणि मूल तर वाढतच असतं, तेव्हा नवीन मापाची तारीख कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावी.