गोठण्याची घाई

सोलापूर म्हटलं की चादर आठवते, शेंगाचटणी आठवते. कॅमशाफ्ट कुणालाच आठवत नाही. पण १९९२ साली इथे सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनांच्या झडपा उघडणारे दांडे बनवते आणि ते देशोदेशींच्या मोटारींत जातात. बिडाचा असा ‘चिल्ड’ दांडा कॅमपाशी, म्हणजे झडप दाबणाऱ्या उंचवट्यापाशी, मोडून पाहा. कॅमच्या टोकाकडची कड चांदीसारखी पांढरी, आतला गाभा राखाडी. एकाच लॅडलमधून ओतलेलं बीड, तरी दोन धातू!

करामत आहे ती वाळूच्या साच्यात. कॅमचं टोक जिथे येणार तिथे धातूचा एक तुकडा बसवतात, तोच ‘चिल’. वाळू उष्णता सावकाश शोषते, चिल ती झटकन ओढून घेतो. गाभ्यातल्या कार्बनला सवड मिळते, तो ग्राफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा बसतो. चिलपाशी तो लोखंडातच अडकतो आणि सिमेंटाइट बनतो. कठीण, पण ठिसूळ. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा प्रत्येक कॅम सेकंदाला २५ वेळा झडप दाबतो. टोक झिजू नये आणि दांडा मोडू नये, दोन्ही हवंच.

आता उलट, गोठण्याची घाई न झाल्यानं बिघडणारं टूल स्टील घ्या, म्हणजे हत्यारं आणि डाय (धातूला आकार देणारे साचे) बनवायचं पोलाद. डी-२ या पोलादात सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम. मोठा ठोकळा ओतला तर आतला भाग रेंगाळत गोठतो आणि सावकाश निवणाऱ्या पाकात खडीसाखर धरावी तसे कार्बाइडचे, म्हणजे कार्बन आणि धातूच्या कठीण संयुगाचे, टपोरे खडे धरतात. लाटताना त्यांच्या रांगा होतात. डायला तडा जातो तो बहुधा याच रांगांच्या वाटेनं.

यावरचा तोडगा १९७०च्या दशकात वेल्समध्ये आकाराला आला. स्वान्सीच्या प्रा. सिंगर यांची कल्पना, नीथच्या ऑस्प्रे कंपनीनं ती कारखान्यात आणली. वितळलेल्या धातूच्या धारेवर नायट्रोजनचा झोत मारायचा. धारेचे बारीक थेंब उडतात, उडता उडता अर्धवट गोठतात आणि फिरत्या तबकडीवर एकमेकांना चिकटून ठोकळा वाढत जातो. थेट बुंदीचा लाडू! बुंदी फार सुकली तर लाडू भुसभुशीत, फार ओली राहिली तर गोळा. इथेही तसंच: थेंब फार गोठले तर छिद्रं राहतात, फार पातळ राहिले तर खडे पुन्हा मोठे होतात. जमलं, तर कार्बाइड बारीक आणि सगळीकडे सारखे पसरतात. कठीणपणा तोच, चिवटपणा मात्र वाढतो, विशेषतः आडव्या दिशेनं.

पण काही थेंब तबकडी चुकवून भुकटी होतात, म्हणून हे पोलाद महाग पडतं. चिल मात्र वाळूतून काढून, साफ करून, पुढच्या साच्यात पुन्हा बसवता येतो.