दुष्फेन पाणी आणि घरातील उपकरणे

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत ज्यांनी तांब्याच्या बंबात स्नानाचे पाणी तापविले आहे, त्यांना बंबाच्या आत धरणारा पांढरा, खरखरीत थर अपरिचित नाही. तोटी चोंदू लागली की तो खरवडावा लागे. पुढे बंबाची जागा विजेच्या गीझरने घेतली. थर मात्र गेला नाही; तो केवळ दृष्टीआड झाला, आणि म्हणूनच अधिक खर्चाचा व प्रसंगी धोक्याचा ठरू लागला.

1978 साली नर्मदेचे पाणी इंदूर शहरात आले. तथापि कित्येक वसाहतींत व आसपासच्या गावांत नळाला येणारे पाणी बोरिंगचे, किंवा दोन्हींचे मिश्रण असते. माळव्याची भूमी काळ्या अग्निजन्य खडकाची आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी बनते व खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आपल्यात विरघळवून घेते. अशा पाण्यात साबणाचा फेस सहजी होत नाही, म्हणून त्यास दुष्फेन पाणी म्हणतात. बोलीभाषेत जड पाणी. त्यात डाळ लवकर शिजत नाही, हा गृहिणींचा अनुभवही यथार्थ आहे.

दुष्फेनता आरोग्यास घातक असते, असा समज करून घेण्याचे कारण नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ती लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि पाण्याचा दुसरा स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालते. प्रश्न आहे तो पाणी तापविल्यावर काय घडते याचा.

पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटे उष्णतेने विघटन पावतात, वायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, खाली बसते. हिशेब करून पाहावा. लिटरमागे 200 मिलिग्रॅम इतकी अशी दुष्फेनता असलेले 100 लिटर पाणी एखादे कुटुंब रोज तापवीत असेल, तर त्या पाण्यात 20 ग्रॅम चुनखडी असते. तिचा केवळ दहावा भाग गीझरमध्ये राहिला, तरी वर्षाकाठी सुमारे 730 ग्रॅम, म्हणजे पाऊण किलो होते. हा थर मुख्यतः तापणाऱ्या नळीवरच बसतो. त्यातून उष्णता नीट वाहत नाही. त्यामुळे पाणी तापण्यास वेळ लागतो, नळी आतल्या आत अतिशय तापते आणि अखेरीस जळते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. नळीचे धातूचे आवरण तडकल्यास विजेचा प्रवाह पाण्यात उतरू शकतो. बादलीत सोडावयाच्या रॉडच्या बाबतीत हा धोका अधिक, कारण तो स्वस्त म्हणून वर्षानुवर्षे वापरला जातो. तसेच गीझरची सुरक्षा झडप क्षारांनी अडकली आणि त्याच वेळी थर्मोस्टॅट बिघडला, तर वाफेच्या दाबाने टाकी फुटण्याचा संभव असतो. गीझरमधून खडखड आवाज येणे, पाणी पूर्वीपेक्षा उशिरा तापणे, ही लक्षणे दिसताच तंत्रज्ञास बोलवावे. झडप व अर्थिंग तपासून घ्यावे.

कूलरचा प्रकार थोडा निराळा आहे. तेथे पाणी हवेत उडून जाते आणि त्यातील सर्वच क्षार मागे राहतात. जाळ्या दगडासारख्या कडक होतात. टाकीतील जुने पाणी आठवड्यातून एकदा संपूर्ण काढून टाकणे हाच सोपा उपाय.

तुरटी फिरविल्याने पाणी मऊ होते, ही समजूत चुकीची आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार नव्हेत. साध्या कॅन्डलच्या फिल्टरचेही तेच. कपड्यांसाठी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकल्यास कॅल्शियम खाली बसते आणि साबण वाचतो.

रॉड व किटलीवरील थरासाठी वाण्याकडे मिळणारे लिंबूसत्त्व उत्तम. रॉड विजेपासून वेगळा करून पूर्ण थंड होऊ द्यावा. प्लास्टिकच्या भांड्यात एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व घालून त्यात रॉडचा केवळ खालचा वेटोळ्याचा भाग अर्धा तास बुडवावा. बुडबुडे येतील, तो चुनखडीतून सुटणारा कार्बन डायऑक्साइड होय. नंतर स्वच्छ धुऊन कोरडा करावा. संडास धुण्याचे तीव्र आम्ल मात्र या कामी कदापि वापरू नये. ते धातू खाते, आणि ब्लीचिंग पावडरशी त्याचा संयोग झाल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो.

गीझरचे तापमान 50 ते 55 अंशांवर ठेवल्यास थर बराच मंदावतो. स्नानास त्याहून अधिक उष्ण पाणी कोणास लागते? टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः झिजून टाकीस गंजण्यापासून वाचवितो. साफसफाईच्या वेळी तोही पाहून घ्यावा व झिजला असल्यास बदलावा.

शिक्षकांना वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. दोन सारख्या बाटल्यांत समान पाणी घ्यावे, एकीत स्वच्छ झेललेले पावसाचे व दुसरीत शाळेच्या बोरिंगचे. साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाकून बाटल्या हलवाव्यात आणि टिकाऊ फेस येण्यास कोठे किती थेंब लागले, ते मुलांकडून मोजून घ्यावे. मग बोरिंगचे तेच पाणी उकळून, थंड करून व गाळून पुन्हा मोजावे. थेंब कमी झाले, तर तेवढी दुष्फेनता भांड्याच्या तळाशी जमली असे समजावे.