राज्य गेलं, कीर्तन राहिलं

तंजावरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर ओरत्तनाडु लागतं. तालुक्याचं गाव. भातखाचरं मागे पडून नारळाच्या बागा दिसू लागतात त्या पट्ट्यातलं. महाराष्ट्रातून रामेश्वरला जाणारे आपले लोक आता या गावाचं नावही ऐकत नाहीत. पण दोनशे वर्षांपूर्वी त्यांच्या पणजोबा-खापरपणजोबांची वाट इथूनच जायची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्फोजीराजे भोसले (दुसरे) यांनी आपल्या प्रिय सहचरी मुक्तांबा हिच्या नावाने इथे मोठं छत्र बांधलं. गावालाही मुक्तांबाळपुरम असं नाव मिळालं.

छत्र म्हणजे नुसती धर्मशाळा नव्हे. १८०१ साली सर्फोजींनी इंग्रज रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात रामेश्वरच्या वाटेवरच्या छत्रांचा कारभार सविस्तर सांगितला आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा कुणालाही शिजवलेला भात मिळे; शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई, कुणी जेवायचं राहिलं असेल तर यावं म्हणून. पोरक्या मुलांना सांभाळून शिकवायची व्यवस्था होती, आजारी वाटसरूसाठी वैद्य होता, बाळंतपणाची सोय होती. राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती गेलेला असताना या राजाने छत्रांसाठी धरलेला हट्ट वाचला की त्याच्याविषयीचा आदर दुणावतो.

या वाटेने माणसं आली आणि माणसांबरोबर गाणं आलं. संगीताच्या इतिहासात तंजावरच्या मराठी राजांचं नाव दरबारामुळे घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. शहाजीराजांनी नाटकं आणि पदं रचली, तुळजाराजांनी ‘संगीत सारामृत’ हा शास्त्रग्रंथ लिहिला, सर्फोजींनी नृत्यासाठी मराठी निरूपणं रचली. पण दरबारातलं गाणं दरबाराबरोबर जातं. रस्त्यावरून आलेलं गाणं कुठे गेलं आणि कुणी उचललं, याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गोष्टीच्या मधोमध एक तमिळ गायक उभा आहे: तंजावर कृष्ण भागवतर.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षांचा राजाश्रय संपला. गायक, वादक, नर्तक सगळे उघड्यावर आले. काही त्रावणकोर-म्हैसूरकडे गेले, काही मद्रासला, काही जमीनदारांच्या दारी. जे तंजावरात राहिले त्यांना यापुढे लोकांसमोर गाऊन पोट भरायचं होतं. देऊळ, मठ, सावकाराचा वाडा, लग्नाचा मांडव, जिथे बोलावणं येईल तिथे. आज आपण ज्याला स्वतंत्र कलाकार म्हणतो, म्हणजे कुणाच्या पदरी नसलेला, श्रोत्यांच्या जिवावर जगणारा, तो तंजावरात जन्माला आला तो या पडझडीतून. कृष्ण भागवतर याच पिढीतले.

गाणं त्यांच्या अंगात होतं, तालीम कर्नाटक संगीताची होती. त्या मुलखात ती कशी नसेल? त्यागराजांचं तिरुवैयारु तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, आणि त्यागराजांना जाऊन तेव्हा दोन दशकंही झाली नव्हती. त्यांच्या कृती शिष्यांच्या गळ्यात ताज्या होत्या. पुराण सांगण्याची रीतही गावोगाव होती. पण पुराणिक श्लोक वाचून अर्थ सांगायचा आणि गवई गात राहायचा. गाणं आणि कथा एका माणसाने, उभं राहून, एका दमात पुढे नेण्याची घडीव पद्धत तमिळ मुलखात रुळलेली नव्हती.

ती त्यांना भेटली १८६४च्या सुमारास. रामचंद्रबुवा मोरगावकर नावाचे मराठी कीर्तनकार तंजावरला आले, राहिले आणि त्यांची कीर्तनं होऊ लागली. शहरात मराठी घरं पुष्कळ होती, त्यामुळे श्रोत्यांना तोटा नव्हता. पण ऐकायला तमिळ मंडळीही बसत. कृष्ण भागवतर त्यांतलेच एक. भाषा पूर्ण कळो न कळो, गवयाच्या कानाने त्यांनी नेमकी गोष्ट हेरली: हे बुवा गाण्यासाठी कथा थांबवत नाहीत आणि कथेसाठी गाणं सोडत नाहीत. हे कशामुळे जमतं, याचा त्यांनी पाठपुरावा केला. उत्तर वृत्तांमध्ये होतं.

आपल्याकडे नारदीय कीर्तन ऐकलेल्यांना हे सांगायला नको, पण नव्या वाचकांसाठी थोडं उलगडून सांगतो. कीर्तनकाराला आख्यान लावायचं असतं तेव्हा मोठं पद प्रत्येक वेळी परवडत नाही. पद रेंगाळतं, आळवावं लागतं. साकीचं तसं नाही. चरणाला अठ्ठावीस मात्रा, सोळावर किंचित थांबायचं आणि उरलेल्या बारा घेऊन खाली उतरायचं. दोन चरणांत राजा वनात जातो, ऋषी भेटतो, शाप देतो. दिंडी एकोणीस मात्रांची, नऊ आणि दहा. तिची चाल अशी की आईचं मुलाला विनवणं, सीतेचं लक्ष्मणाला विचारणं त्यात आपोआप बसतं. ओवी घरगुती, बोलण्याजवळची. युद्ध आलं की कटाव, शब्दांचा मारा. एवढी हत्यारं हाताशी असली की कीर्तनकार गद्यातून गाण्यात आणि गाण्यातून गद्यात असा सरकतो की ऐकणाऱ्याला सांधा कळतच नाही.

कृष्ण भागवतरांनी ही हत्यारं जशीच्या तशी उचलली. नावंसुद्धा बदलली नाहीत. यातून घडलेल्या तमिळ कीर्तनाला हरिकथा म्हणतात, आणि तिच्यात आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग यांची हीच नावं आहेत. हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि झांज, सूर धरायला साथीदार गायक, सुरुवातीला पंचपदी, मग विषयाची मांडणी, मग आख्यान. एकेका आख्यानासाठी जुळवून ठेवलेल्या पद्यांच्या संचाला तिथेही निरूपण म्हणतात. मराठी पद्यं ते मराठीतच गात आणि अर्थ तमिळमध्ये सांगत. जोडीला संस्कृत श्लोक, तेलुगू कृती, हिंदी दोहे. चार-पाच भाषा एका बैठकीत ऐकून श्रोते बुजत नसत. तंजावरच्या कानांना त्याची सवय होती.

पण नक्कल करून कुणी परंपरा उभी करत नाही. भागवतरांचं मोठेपण त्यांनी काय सोडलं नाही यात आहे. त्यांनी कर्नाटक रागदारी सोडली नाही. मराठी वृत्तांचा सांगाडा ठेवून त्यावर मांस चढवलं ते आपल्या रागांचं. पदाची जागा आली की त्यागराजांची कृती किंवा अरुणाचल कविरायरांच्या ‘राम नाटकम्’मधलं गीत आलं. आणि त्यांनी गोपालकृष्ण भारतींचं ‘नंदनार चरित्रम्’ हरिकथेच्या मंचावर आणलं.

ही निवड मला सगळ्यांत बोलकी वाटते. नंदनार हा अस्पृश्य शेतमजूर. चिदंबरमच्या नटराजाचं दर्शन घ्यायचं एवढीच त्याची आस. मालक सोडत नाही, सोडतो तेव्हा अशक्य काम अंगावर टाकून. मराठी माणसाला इथे चोखोबा आठवल्याशिवाय राहणार नाहीत. भारतींच्या या रचनेवर जाणत्या मंडळींनी नाकं मुरडली होती. ती १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला छापली गेली तेव्हा मदतीला धावला तो कारैक्कालचा एक फ्रेंच अधिकारी, सिस. स्वतः भारतींच्या गाण्यावरही मराठी वळचणीच्या खुणा होत्या: तिरुविडैमरुदूरला सर्फोजींचे चुलते अमरसिंह यांच्या घराण्याचा छोटा दरबार होता, तिथे रामदास नावाच्या गवयाकडे ते हिंदुस्थानी संगीत शिकले होते. तेव्हा तंजावरच्या भागवतराने मराठी साकी म्हणून नंदनाराची कथा रंगवली यात उपरं काही नव्हतं. दोन्ही प्रवाह आधीच एका पाटाने वाहत होते.

मराठी कीर्तन यापूर्वी दक्षिणेत पोचलंच नव्हतं असं नाही. समर्थांच्या संप्रदायाचे मठ तंजावर-मन्नारगुडीला सतराव्या शतकापासून होते. मेरुस्वामी हे तंजावरचेच गोसावी, ‘कोकिळकंठ’ म्हणून नावाजलेले. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी त्यांना त्रिवेंद्रमला नेलं आणि त्यांच्या कीर्तनाच्या प्रभावातून ‘कुचेलोपाख्यान’ आणि ‘अजामिलोपाख्यान’ रचलं. पण ते सारं मठात किंवा महालात. सामान्य तमिळ श्रोत्याने तिकडे कान लावला तो राज्य बुडाल्यानंतर, कृष्ण भागवतरांमुळे. म्हणून मराठी संगीताने तमिळ मुलखात मूळ धरलं ते मराठ्यांच्या सत्तेमुळे, हे आपण अभिमानाने सांगतो ते अर्धंच खरं आहे. सत्तेने जमीन नांगरली. रोप लावलं एका भटक्या बुवांनी आणि वाढवलं एका तमिळ गवयाने.

पुढची वाट लांब आहे. १९०३ साली भागवतर गेले तोवर हरिकथा मद्रासच्या सभांमध्ये पोचली होती. पंडित लक्ष्मणाचार्य, सूलमंगलम वैद्यनाथ भागवतर, मांगुडी चिदंबर भागवतर अशी रांगच लागली. सी. सरस्वतीबाईंनी बाई असून चिपळ्या हाती घेतल्या, पुरुष कलाकारांचा विरोध सोसला आणि गर्दी खेचली. महिपतींच्या संतचरित्रांतून नामदेव, गोरोबा, जनाबाई, सखूबाई तमिळ घरांत ओळखीचे झाले. ही ओळख इतकी मुरली की प्रभातच्या ‘संत तुकाराम’नंतर दोनच वर्षांनी, १९३८ साली, तमिळमध्ये ‘तुकाराम’ चित्रपट आला आणि त्यात तुकोबांची भूमिका कर्नाटक संगीतातले थोर गायक मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर यांनी केली. आज अरुणा साईराम कर्नाटक मैफलीत अभंग गातात तेव्हा चेन्नईचा श्रोता त्याला पाहुणा मानत नाही. विशाखा हरी लालगुडी जयरामन यांच्या तालमीतून आल्या आणि मागे पडत चाललेल्या हरिकथेला त्यांनी पुन्हा भरलेली सभागृहं मिळवून दिली.

खेड्यापाड्यांतली गोष्ट वेगळी आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तंजावर भागात होळीच्या सुमारास कामदहनाचा उत्सव होतो. तिथे दोन पक्ष समोरासमोर बसून रात्रभर गाण्यात भांडतात: एक म्हणतो मदन जळला, दुसरा म्हणतो जळलाच नाही. हाताशी डफ आणि तुणतुणं. या प्रकाराला तमिळ शेतकरी लावणी म्हणतात. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांशी तिचं नातं सांगायला पंडित लागत नाही. हरिकथेला निदान चरित्रकार मिळाले. या लावणीकरांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत.

महाराष्ट्रात कीर्तनाच्या पाठशाळा आहेत, पुण्यात नारद मंदिर आहे, दरवर्षी कीर्तन महोत्सव भरतात. त्यांत एक दिवस तमिळ हरिकथेचा असावा, एवढंच मागणं आहे. एकच आख्यान घ्यावं, म्हणजे ध्रुवाचं किंवा सीतास्वयंवराचं. आधी आपल्या बुवांनी लावावं, मग तिकडच्या भागवतरांनी. आपली दिंडी कर्नाटक रागात कशी चालते ते आपल्या विद्यार्थ्यांनी समोर बसून ऐकावं. आणि रामेश्वरला जाणाऱ्यांनी तंजावरचं मोठं देऊळ पाहून झालं की ओरत्तनाडूच्या रस्त्याने निघावं. ती वाट आपल्या माणसांची आहे.