डोक्याला मार, स्कॅन नॉर्मल, तरी मूल गप्प का?

मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातला एक मुलगा कबड्डी खेळताना डोक्यावर आपटला. रक्त नाही, टेंगूळही फारसं नाही. "सर, काही नाही झालं," म्हणाला. आम्ही त्याला बाकावर बसवलं आणि धडा पुढे सुरू केला. नंतर कितीतरी दिवस त्याला फळ्यावरचं वाचता येईना, ओळी हलतात म्हणायचा. सीटी स्कॅन नॉर्मल निघाला. त्याची अम्मी म्हणाली, अभ्यास टाळतोय. खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटलं.

सीटी स्कॅनमध्ये कवटीची चीर दिसते, रक्तस्राव दिसतो. मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो बहुधा दिसत नाही. 1974 पासून वापरात असलेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये 15 पैकी गुण देतात. कन्कशन झालेल्याला त्यातही 13 ते 15 मिळतात, म्हणजे जवळपास पास!

मग पकडायचं कसं? अमेरिकेतले न्यूरोसर्जन जमशीद गजर यांनी डोळ्यांकडे लक्ष दिलं. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपली नजर चेंडूच्या मागे धावत नाही; चेंडू पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. हादरा बसला की हे टायमिंग बिघडू शकतं. त्यांच्या कामावर आधारित 'आय-सिंक' हे उपकरण म्हणजे व्हीआर गेमचा असतो तसा चष्मा. आत एक ठिपका गोल फिरतो, माणसाने नुसतं त्याच्याकडे बघत राहायचं. आतले कॅमेरे बुबुळांची हालचाल टिपतात. नजर ठिपक्याच्या मागे पडते का, पुढे उडी मारते का, हे मिनिटभरात कळतं. 2016 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्याला परवानगी दिली.

पण चष्मा म्हणजे डॉक्टर नव्हे. रात्रभर जागलेल्या माणसाचीही नजर अशीच चुकते. शिवाय आत रक्तस्राव झालाय का, हे सांगायला स्कॅनच लागतो.

आपल्या शाळांमध्ये असा चष्मा कुठून येणार? पण मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळायला सोडू नये, एवढं तर जमतं. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, उठवूनही न जाणारी झोप, झटके, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा.

तो मुलगा महिन्याभराने नीट वाचू लागला. तोवर त्याच्या वहीत आमचे 'अपूर्ण'चे दोन लाल शेरे पडून गेले होते.