मत नको, घडलेलं विचारा

थीम पार्कमध्ये चुकामूक झालेल्या सोबत्याला शोधणारं यंत्र बनवताय? मग ग्राहकाला "असं यंत्र घ्याल का?" असं विचारू नका. भिडेखातर तो "हो" म्हणेल आणि तुमची पुंजी बुडेल.

फौजेत गस्तीवरून परतलेल्या जवानाला आम्ही आधी मत विचारत नसू. काय पाहिलं, कुठे, किती वाजता, हे विचारायचो. इथंही तसंच करा. मागच्या वेळी चुकामूक कुठे झाली? किती वेळ शोधलंत? फोन कुठे होता? वॉटर पार्कमध्ये तो बहुधा लॉकरमध्ये असतो. मग फोनमधलं ॲप काय कामाचं?

शेवटी विचारा, त्यानंतर काय बदललंत? "आता आत शिरतानाच भेटायची जागा ठरवतो," असं उत्तर आलं, तर ओळखा: तुमच्या यंत्राची स्पर्धा फुकटच्या उपायाशी आहे. जय हिंद.